भिंतीकडे वळलेली ऐरण

हल्ली माझे कान गेलेत, असं घरात सगळे म्हणतात. ते खरं नाही. कान जागेवर आहेत, माणसं पुटपुटायला लागली आहेत. जयपूरला होतो तेव्हा हवामहालाच्या झरोक्यात एखाद्या कबुतराने कूस बदलली तरी मला आदर्श नगरातल्या खोलीत जाग यायची. "आणि मी शेजारी उभी राहून दूध उतू गेलं म्हणून ओरडत होते ते?" असं मालती, म्हणजे आमची सौभाग्यवती, हे वाचता वाचता विचारते आहे. ते मध्य सप्तकात होतं. त्या पट्टीत मी आधीपासूनच जरा अधू.

माझा धंदा बहिऱ्या मुलांना बोलतं करण्याचा. मुंबईला त्याचं रीतसर शिक्षण घेतलं आणि वाईचा माणूस वाळवंटाच्या तोंडाशी जाऊन बसलो. पन्नासच्या दशकातली शेवटची आणि साठमधली बहुतेक वर्षं त्यात गेली. शाळा परकोटाबाहेर, म्हणजे जुन्या शहराच्या तटाबाहेर, भाड्याच्या बंगलीत. भाजीवाल्यापासून टांगेवाल्यापर्यंत सगळे मला 'गूँगों के मास्टरजी' म्हणत. मी सुरुवातीला समजावत असे की भैया, ही मुलं मुकी नाहीत, बहिरी आहेत. जीभ ठणठणीत असते. पण कानाकडून बोलावणं येत नाही तोवर जीभ माहेरीच बसून राहते. भाजीवाला मान डोलवायचा आणि म्हणायचा, "अच्छा, तो गूँगों के मास्टरजी, भिंडी कितनी दूँ?"

तुम्हाआम्हाला वाटतं बोलणं आपोआप येतं. आपोआप काही येत नाही. तान्हं मूल वर्षभर मांडीवर पडून नुसतं ऐकतं. आधी चाल ओळखतं, शब्द फार पुढे. आई रागावली की लाडात आली हे त्याला सुरावरून कळतं. मग घरात कुठले आवाज चालतात ते हेरतं आणि बाकीचे भंगारात काढतं. जयपुरातल्या आमच्या मराठी मंडळींच्या पोरांनी असाच 'ळ' भंगारात काढला होता, कारण शाळेतल्या आणि गल्लीतल्या हिंदीला तो लागत नव्हता. गणपतीच्या आरतीनंतर विमा कंपनीतल्या एका साहेबांच्या पत्नी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बहिऱ्यांना बोलतं करता, मग आमच्या बंड्याच्या 'ळ'चं काहीतरी बघा ना. आजीला कमलाबाई ऐवजी कमळाबाई म्हणेल असं करा." मी बंड्याला तीन रविवार बसवला. चौथ्या रविवारी तो 'ळ' म्हणाला आणि इतका खूश झाला की चुलत्याला 'काका' ऐवजी 'काळा' म्हणू लागला. चुलते खरंच काळे होते. साहेबांच्या घरी आमचं जाणं-येणं पुढे कमी झालं.

बहिऱ्या मुलाला हेच सगळं डोळ्यांनी आणि हातांनी शिकायचं असतं. आमची हत्यारं म्हणजे आरसा, मेणबत्ती, पीस आणि स्वतःचा गळा. आरशासमोर 'प', 'ब', 'म' म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. मग मुलाने ओळखायचं कसं? 'प' म्हटला की मेणबत्तीची ज्योत हलते. 'ब' म्हणताना गळ्यावर हात ठेवला तर आत भुंगा गुणगुणतो. 'म'चा भुंगा नाकात असतो. मुलाचा एक हात माझ्या गळ्यावर आणि दुसरा त्याच्या स्वतःच्या. माझा भुंगा त्याच्या गळ्यात जाईपर्यंत बसायचं. कधी आठवडा लागतो, कधी वर्ष. इतक्या मुलांनी माझा गळा धरला आहे की मला तिथे दाढी कमीच येते.

हाडांनाही ऐकू येतं हे मला पुस्तकापेक्षा एका जुन्या क्लॅरिनेटवाल्याने शिकवलं. रियासतीच्या बँडमधला निवृत्त माणूस, मिशा अशा की त्यावर चिमण्या बसाव्यात, आणि कान पार गेलेले. तो दर मंगळवारी शाळेत येई, हातातली काठी एका टोकाने दातांत धरी, दुसरं टोक आमच्या पेटीवर टेकवी आणि मला वाजवायला लावी. डोळे मिटून ऐके. एकदा काठी काढून म्हणाला, "मास्टरजी, धैवत उतरा हुआ है." होताच. दोन कान असून मला वर्षभर कळला नव्हता.

तर अशा या दुकानात एके दिवशी भोलूरामजी आले.

त्रिपोलिया बाजाराजवळ ठठेऱ्यांची गल्ली आहे. ठठेरे म्हणजे आपले तांबट. तिथे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पितळ आणि तांबं ठोकलं जातं. गल्लीत शिरल्यावर माणसाला स्वतःचे विचार ऐकू येत नाहीत. तिथली कबुतरंसुद्धा एकमेकांना खुणेने बोलावतात. भोलूरामजी त्या गल्लीतले सगळ्यात जुने ठठेरे. साठी ओलांडलेली, केशरी पगडी, आणि जन्मभर घणाशेजारी बसल्यामुळे कान निम्म्याहून अधिक गेलेले. ते नमस्कार म्हणाले आणि आमच्या फाटकापाशी झोपलेलं कुत्रं उठून दुसऱ्या मोहल्ल्यात राहायला गेलं.

सोबत घुंगट घेतलेली सून आणि तिच्या बोटाला धरून पाच-सहा वर्षांची नात. नाव केसर.

"छोरी सुणै छै," भोलूरामजी म्हणाले, "पण बोलै कोनी. जिद्दी छै."

मुलगी ऐकते पण बोलत नाही, हट्टी आहे. पुरावा म्हणून ते हातोडा घेऊनच आले होते. केसर पाठमोरी उभी असताना त्यांनी आमच्या दगडी फरशीवर एक ठोका घातला. ती गर्रकन वळली. भोलूरामजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू काही मला द्यायची फी वाचली.

मी त्यांना थांबायला सांगितलं, सायकल काढली आणि घरून मालतीची रजई आणली. जयपुरी रजई ती. इतकी हलकी की उन्हात टाकली की वर दगड ठेवावा लागे, नाहीतर आमेरच्या किल्ल्यावर जाऊन आणावी लागली असती. चार घड्या घालून फरशीवर ठेवली, वर केसरला बसवलं, हातात एक भिंगरी दिली. "अब मारिए," मी म्हटलं.

त्यांनी ठोका मारला. केसर भिंगरी फिरवत राहिली. त्यांनी आणखी जोरात मारला. भिंतीचा पोपडा पडला. केसरने भिंगरी उलटी करून पाहिली. भोलूरामजींनी मग हातोड्याकडे पाहिलं, जणू तोच फितूर झाला आहे.

पोर तळपायांनी ऐकत होती. त्या घरात जमीन दिवसभर थरथरते आणि सगळे एकमेकांशी ओरडून नाहीतर खुणांनी बोलतात. तिथे एक बहिरं मूल कुणाच्या लक्षात यावं? मी हे शक्य तितक्या हळुवारपणे, म्हणजे गच्चीवरून हाक मारल्यासारखं ओरडून सांगितलं. सून भिंतीशी उभी होती. श्वासाबरोबर घुंगटाचं कापड आतबाहेर होत असे, ते बराच वेळ हललंच नाही.

मग त्या कापडातून आवाज आला. "मास्टरजी, ये मुझे कभी बुलाएगी?"

माझ्या धंद्यात या प्रश्नाला हो म्हणायचं नसतं. मी हो म्हटलं.

भोलूरामजींनी अट घातली. सुनेचे हात घरात हवे होते. ठोकलेली भांडी चिंचेने घासून लखलखीत करायचं काम बायकांचं, आणि धनतेरसेला सगळं जयपूर भांडी घेतं. तोवर तिने मुलीला रोज शाळेत आणावं. धनतेरसेपर्यंत पोर घरातल्या एका तरी माणसाला हाक मारू लागली तर शाळा चालू. नाहीतर दोघीही घरी, आणि पोरीने चिंचेने भांडी घासायला शिकावं. वाईट माणूस नव्हता. त्याच्या हिशेबाने तो उदारच होता.

तेव्हा होळी नुकतीच झाली होती.

केसरची आई रोज यायची. केसर माझ्यासमोर आणि आई मागे, माझ्यामुळे घुंगट हनुवटीखाली ओढून. मी तिला डोळ्यांनी ओळखत नव्हतो, आवाजाने आणि पायांतल्या जोडव्यांनी ओळखायचो. पण कान काय होता त्या बाईचा. सांगितलेला प्रत्येक आवाज ती कापडाआडून असा स्वच्छ परत द्यायची की वाटे, हिलाच पगार द्यावा. मी तिला बजावलं होतं, घरी दिवसभर पोरीशी बोला. समोर बसवून बोला. पाणी देताना पाणी म्हणा, बाबा दिसले की बाबा म्हणा. तिकडे बाबा म्हणजे आजोबा. "जी," ती म्हणायची, आणि बाई शब्दाची पक्की होती.

केसर मात्र पुढे सरकेना. तिची एक विचित्र सवय होती. मी ओठांकडे बोट नेलं, म्हणजे 'आता तू बोल' अशी खूण केली, की ती आपली चिमुकली ओढणी चेहऱ्यावर ओढून घ्यायची आणि आतून फू, फू करायची. मी ओढणी बाजूला करायचो, ती पुन्हा ओढायची. मेणबत्तीसमोरही तेच. एकदा ओढणीचा काठ करपला. मला वाटलं, आईसारखीच लाजाळू. मी घरी येऊन मालतीला म्हटलं, "माझ्या नशिबी पहिलीच अशी पोर, जी बोलायच्या आधीच लाजते."

"घरी जाऊन बघा एकदा," मालती म्हणाली. "आणि शाळेतून माझी रजई आणा."

दसऱ्याच्या सुमारास आम्ही दोघं गेलो. मालतीला मुद्दाम नेलं. परक्या घरातल्या सुनेशी बोलायचं तर सोबत बायको असलेली बरी, पळताना माणूस एकटा पडत नाही.

घर म्हणजे चौक. चौकात भोलूरामजींची ऐरण, शेजारी थोरल्या मुलाची, दोन्हींची तोंडं आत चौकाकडे. केसरचा बाप धाकटा, तो भांडी घेऊन गावोगाव फिरायचा. समोर ओसरीवर केसरची आई चिंचेने भांडी घासत बसली होती, आणि तिच्या पुढ्यात केसर. सासरे आणि थोरले दीर समोर, तेव्हा घुंगट हनुवटीखाली. दिवसभर. शेवटचा पुरुष चौकातून उठेपर्यंत. आणि मी सांगितलं होतं तस्सं ती मुलीशी बोलत होती. समोर बसवून. भांडं उचलून म्हणाली, "पानी." 'प'वर कापड पुढे फुगलं आणि परत आत गेलं. केसरने ते टक लावून पाहिलं. मग ओढणी चेहऱ्यावर घेतली आणि अगदी तसंच कापड फुगवलं.

मी केसरच्या ओढणीकडे पाहिलं, मग आईच्या घुंगटाकडे.

पोर लाजत नव्हती. बोलत होती. तिने जे पाहिलं ते शिकली होती. शाळेतला मास्तर तोंडाने काहीतरी माकडचेष्टा करतो, ते त्याचं त्याला माहीत. पण आई बोलते ती कापडाने. बोलणं म्हणजे चेहरा झाकायचा आणि कापड हलवायचं. इतके महिने ती माझ्यासमोर अचूक उत्तर देत होती, आणि मी ओढणी काढून तिचं तोंड बंद करत होतो.

मालतीने हे सगळं माझ्याआधी पाहिलं असावं, कारण ती म्हणाली, "आता सांगा त्यांना."

इथे खरी पंचाईत झाली. गोष्ट नाजूक. परक्या पुरुषाने सासऱ्याला सांगायचं की सुनेला तुमच्यादेखत तोंड उघडं ठेवू द्या. अशी गोष्ट कानात कुजबुजायची असते. आणि त्या कानांना कुजबूज चालत नव्हती. मी आधी साध्या आवाजात म्हटलं. भोलूरामजी म्हणाले, "काईं?" मी आवाज चढवला. "काईं?" शेवटी मी मैदानातला आवाज लावला. "बहू का घूँघट! केसर को माँ का मुँह नहीं दिखता! घूँघट उठाना पड़ेगा!"

आधी समोरच्या दुकानातला हातोडा थांबला. मग त्याच्या शेजारचा. मग एकेक करत सगळी गल्ली. शहर वसल्यापासून त्या गल्लीत अशी शांतता झाली नसेल. त्रिपोलियावरून एक उंट गेला, त्याच्या पायांचा आवाज आला. केसरच्या आईचा हात भांड्यावर तसाच राहिला. थोरला मुलगा उभा राहिला, आणि त्याच्या हातात हातोडा होता. मालतीने माझा सदरा मागून धरला.

जमीन थांबली म्हणून केसर इकडेतिकडे पाहू लागली. कोणी बोलत नाही हे तिला कळण्याचं कारण नव्हतं. तिने पायाने फरशी चाचपून पाहिली, मग आजोबांकडे गेली, त्यांचा हातोड्याचा हात धरून हलवला. चालू करा, अशा अर्थाने.

भोलूरामजींनी हातोडा खाली ठेवला. मग म्हणाले, "बीनणी को घूँघट कोनी उठै."

सुनेचा घुंगट उठायचा नाही. मी चपला शोधू लागलो.

"म्हे ही मूंडो फेर ल्यां," ते म्हणाले. आम्हीच तोंड फिरवतो.

आणि त्या म्हाताऱ्याने ऐरणीचा ठोकळा दोन्ही हातांनी धरला, थोरल्याला डोळ्याने खूण केली, आणि दोघांनी मिळून ती भिंतीकडे वळवली. मग थोरल्याची ऐरण. मग दोघंही पाठ करून बसले आणि ठोकायला लागले. जरा वेळाने गल्लीही ठोकायला लागली. मी आणि मालतीही वळलो, कारण आता ओसरीकडे आम्हीही पाहायचं नव्हतं. मागून कापड सरकल्याचा आवाज आला. मालती नंतर म्हणाली, तिने हळूच वळून पाहिलं होतं. "कशी आहे गं?" मी विचारलं. "केसरसारखी," ती म्हणाली. त्यापुढे काही सांगितलं नाही, आजतागायत.

धनतेरसेला मग थोडेच दिवस उरले होते.

गल्लीत थट्टा सुरू झाली. "भोलूरामजी, किससे रूठे हो?" भिंतीपाशी उजेड कमी. गिऱ्हाईक मागून यायचं, म्हातारा न वळता भाव सांगायचा. त्या दिवसांत त्यांच्या घरातून गेलेल्या लोट्यांना एका बाजूला पोक आहे, असं मी खात्रीने सांगतो. आमच्याकडे एक आहे, तो भरला की आपोआप नमस्कार करतो.

नातीला बोलवायचं तर पाठमोऱ्या माणसाने कसं बोलवायचं? त्यांनी युक्ती काढली. फरशीवर हातोड्याचे दोन ठोके. के, सर. पहिला जड, दुसरा हलका. नावाची चालच ती. ती कुठेही असली तरी तळपायांनी ऐकून धावत यायची. मी ते उचललं. शाळेत फरशी ठोकून शब्दांची चाल शिकवू लागलो. बहिऱ्या मुलांचा आवाज सपाट असतो, त्याला उतारचढाव नसतो. पण ठेका पायांतून चढतो हे मला त्या म्हाताऱ्याने दाखवलं. काठी दातात धरणाऱ्या आमच्या क्लॅरिनेटवाल्याला मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "ताल पहले, सुर बाद में. ये तो सबको पता है." मला नव्हतं.

ओढणी गेली. आईचा चेहरा दिसू लागल्यावर आठवड्याभरात केसरने चेहरा झाकणं सोडलं. ओठ मिटायला लागले. 'प' आला, ज्योत हलली. 'ब' येईना. गळ्यातला भुंगा जागा होईना. मी तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवला, तिच्या गळ्यावर ठेवला, आईचा हात तिच्या गळ्यावर ठेवून पाहिला. ओठ बरोबर, वारा बरोबर, आवाज नाही. धनतेरसेच्या आदल्या दिवशी मी केसरच्या आईला म्हटलं, "मी उद्या येऊन बाबांशी बोलतो. मुदत मागतो."

"वो मुदत नहीं देंगे," ती म्हणाली. मग म्हणाली, "आपने 'हाँ' कहा था, मास्टरजी." रागाने नाही. आठवण करून दिल्यासारखं.

धनतेरसेच्या सकाळी त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. पितळेचा असा डोंगर की सूर्य उगवायला उशीर झाला. भोलूरामजी भिंतीकडे तोंड करून शेवटच्या परातीवर हात फिरवत होते, मागे गिऱ्हाइकांचा गलका. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी सवयीने फरशीवर ठोका दिला. के, सर.

केसर ओसरीवरून धावत आली. पाठीशी थांबली. तिने त्यांचा खांदा ओढला, ते वळले नाहीत. ते कधीच वळत नसत, सून मागे होती. तेव्हा ती ऐरणीला वळसा घालून आजोबा आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर जागेत शिरली. त्यांच्यासमोर उभी राहिली. चेहऱ्यासमोर चेहरा आल्याशिवाय बोलणं होत नाही, हे आता तिला माहीत होतं. मग आम्ही शाळेत तिच्याशी जे करत होतो ते तिने त्यांच्याशी केलं. त्यांचा काळवंडलेला, घट्टे पडलेला हात धरला आणि आपल्या गळ्यावर ठेवला. नीट ठेवला, अंगठा सरकवून बरोबर जागी आणला, मास्तरीणबाईसारखा.

ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. एवढ्या गलक्यात कुणालाच आलं नाही. मला फक्त तिचे ओठ दिसले. मिटले, उघडले, मिटले, उघडले. 'पापा' असेल, 'मामा' असेल, 'बाबा' असेल. तिन्ही सारखेच दिसतात, हे मी वर सांगितलंच आहे. ओसरीवर केसरची आई उठून उभी राहिली होती, तिच्या जोडव्यांचा आवाज आला. मी वळलो नाही.

भोलूरामजींचा हात पोरीच्या गळ्यावरून हलेना.

"क्या बोली, बाबोजी?" मी ओरडलो.

"सुणी कोनी," ते म्हणाले. ऐकू नाही आलं. मग भिंतीकडेच पाहत, त्यांच्या मानाने अगदी हळू म्हणाले, "हाथ में आई." हाताला आली.

थोरला मुलगा आनंदाने उठला आणि ऐरण परत चौकाकडे फिरवायला वाकला. धनतेरसेचा दिवस, उजेड हवा, गिऱ्हाईक समोर हवं.

"रहबा दे," म्हातारा म्हणाला, राहू दे, आणि परात पुढे ओढली. "अबार तो एक ही बोली छै." आत्ता कुठे एकच शब्द बोलली आहे.